फॉर्म्युला वनचे तिकीट काढताना : नागपूरहून निघणाऱ्या बापलेकांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मनीषनगरात राहणाऱ्या आणि मिहानमधील एका कंपनीत नोकरी करणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाला आपल्या एकसष्ट वर्षांच्या वडिलांना पुढच्या हंगामातील फॉर्म्युला वनची एक शर्यत प्रत्यक्ष दाखवायची आहे. वडील गेली वीस वर्षे दूरदर्शन संचासमोर बसून शर्यती पाहत आले आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि ते शाकाहारी आहेत. सिंगापूरला जावे की अबुधाबीला, बिनआसनाचे सर्वांत स्वस्त तिकीट पुरेल का, भाव उतरण्याची वाट पाहावी का, आणि व्हॉट्सॲपवर एक गृहस्थ निम्म्या किमतीत देऊ करत असलेली तिकिटे घ्यावीत का, असे त्या तरुणाचे चार प्रश्न आहेत.

मी धरमपेठेत प्रवासाचा व्यवसाय करतो आणि २०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली तेव्हापासून शर्यतींच्या तिकिटांचे काम पाहत आलो आहे. ती शर्यत तीनच वर्षे टिकली, २०११, २०१२ आणि २०१३. तिन्ही वेळा जर्मन चालक सेबास्टियन फेटेल जिंकला आणि नंतर करांच्या वादात ती कार्यक्रमपत्रिकेतून गेली ती आजतागायत परत आलेली नाही. पहिल्या वर्षी नागपूरहून निघालेल्या आमच्या तुकडीत अकरा जण होते आणि परतीच्या गाडीत त्यांतील निम्म्या लोकांची तक्रार एकच होती : ‘‘साहेब, आम्हाला काही दिसलेच नाही.’’ त्यांची चूक नव्हती. चूक माझी होती, कारण जामठ्याच्या मैदानावरचा क्रिकेटचा सामना आणि पाच किलोमीटरच्या सर्किटवरची शर्यत ही दोन्ही मला तेव्हा एकाच जातीची वाटत होती.

जामठ्याला तुम्ही कोणत्याही स्टँडमध्ये बसा, खेळपट्टी जवळ दिसेल किंवा लांब दिसेल, पण संपूर्ण मैदान डोळ्यांसमोर असते आणि प्रत्येक चेंडू तुमच्यासमोरच पडतो. सर्किटवर तसे होत नाही. बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची होती; एका आसनावरून त्यातील फार तर तीन-चारशे मीटरचा पट्टा दिसतो, तेवढ्यातून गाडी काही सेकंदांत निघून जाते आणि उरलेला दीड मिनिट तुम्ही समोरच्या मोठ्या पडद्याकडे पाहत बसता. म्हणून तिकीट काढताना आपण शर्यत विकत घेत नसून त्या सर्किटचा एक तुकडा विकत घेत आहोत, हे आधी मनात पक्के बसले पाहिजे. कोणता तुकडा हवा हे ठरले की देश, किंमत आणि तारीख हे प्रश्न पुष्कळ सोपे होतात. आपण प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला आहे, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण तसाच विचारतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १२ डिसेंबर २०२१ रोजी अबुधाबीच्या यास मरिना सर्किटवर घडले. मॅक्स व्हर्स्टापेन आणि लुईस हॅमिल्टन हे दोन चालक समान गुणांनी शेवटच्या शर्यतीत उतरले होते आणि जगज्जेतेपदाचा निकाल शेवटच्या फेरीत लागला, तो पाचव्या वळणावर, जिथे व्हर्स्टापेनने आतल्या बाजूने गाडी घालून हॅमिल्टनला मागे टाकले. हे वळण नॉर्थ ग्रँडस्टँडसमोर आहे. त्या दिवशी मुख्य ग्रँडस्टँडमध्ये, म्हणजे सर्वांत महागड्या आसनांवर बसलेल्या हजारो लोकांनी हा क्षण पडद्यावर पाहिला. मनीषनगरातल्या घरी बसून आपण पाहिला तसाच. अर्थात त्यांना जल्लोष, आतषबाजी आणि पोडियम, म्हणजे विजेत्यांचे व्यासपीठ, समोर दिसले, ते नॉर्थवाल्यांना दिसले नाही. प्रत्येक आसन काहीतरी देते आणि काहीतरी हिरावून घेते.

मग तुकडा कसा निवडायचा? मुख्य स्टँड सुरुवातीच्या आणि अखेरच्या रेषेसमोर असतो. तेथून दिवे विझून शर्यत सुटण्याचा क्षण, पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी थांबतात त्या जागी, अडीच-तीन सेकंदांत चारही चाके बदलणारे मेकॅनिक आणि शेवटी पोडियम हे सारे दिसते, परंतु मधल्या दीड तासात गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने समोरून जातात आणि पहिल्या दहा फेऱ्यांनंतर मान दुखू लागते. गाडी खऱ्या अर्थाने पाहायची असेल तर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी येणाऱ्या अवघड, मंद वळणावर बसावे. तेथे चालकाला शंभर-सव्वाशे मीटरच्या आत वेग तीनशेच्या वरून शंभरच्या खाली आणावा लागतो, ब्रेकच्या चकत्या लालभडक झालेल्या दिसतात, मागची गाडी पुढे जाण्याचा प्रयत्न तेथेच करते आणि गाड्या संथ असल्यामुळे कोणाच्या शिरस्त्राणाचा रंग कोणता, हेही ओळखता येते. सलग दोन-तीन वळणांची जोडी दिसत असेल तर आणखी उत्तम, कारण गाडी नजरेसमोर जास्त वेळ राहते.

आसन निवडताना नकाशावर न दिसणाऱ्या दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. मोठा पडदा आसनाच्या समोर आहे की पाठीमागे, ही पहिली गोष्ट. पडदा दिसत नसेल तर विसाव्या फेरीनंतर कोण कितव्या क्रमांकावर आहे हेच कळेनासे होते. दुसरी म्हणजे रांग. प्रेक्षकांच्या संरक्षणासाठी ट्रॅकच्या कडेला उंच जाळी असते आणि खालच्या चार-पाच रांगांतून संपूर्ण शर्यत त्या जाळीच्या चौकटींतून पाहावी लागते. नाटकाला आपण पुढची रांग मागतो, येथे मधल्या उंचीच्या वरची मागावी. मात्र आपल्या बाबतीत येथे वडिलांच्या गुडघ्यांचा प्रश्न येतो, कारण वरची रांग म्हणजे तात्पुरत्या लोखंडी जिन्याच्या पन्नास-साठ पायऱ्या, आणि स्वच्छतागृह खाली. अशा वेळी मधल्या रांगेतील, वाटेच्या कडेचे आसन मागावे. ज्यांना चालण्याची अडचण जास्त आहे त्यांच्यासाठी बहुतेक आयोजक वेगळी व्यवस्था ठेवतात, पण ती जागा मोजकी असते आणि त्यासाठी ईमेलने आधी विचारणा करावी लागते.

बिनआसनाच्या तिकिटाबद्दल मी स्पष्टच सांगतो : आपण मित्रांबरोबर जात असता तर घ्या म्हटले असते, वडिलांना घेऊन जाताना घेऊ नका. या तिकिटावर ठरावीक भागात कोठेही उभे राहता किंवा बसता येते. सिंगापूरला त्याला वॉकअबाउट म्हणतात आणि अबुधाबीला अबुधाबी हिल नावाची हिरवळीची टेकडी त्यासाठी आहे. तरुणांना हे तिकीट फार मानवते, कारण शुक्रवारी एका वळणावर, शनिवारी दुसऱ्यावर असे फिरून सर्किट समजून घेता येते. परंतु रविवारी चांगली जागा हवी असेल तर फाटक उघडताच आत शिरून शर्यत संपेपर्यंत ती जागा धरून ठेवावी लागते. एक जण पाण्याला गेला तर दुसऱ्याने जागा सांभाळायची, असे पाच-सहा तास. साठी ओलांडलेल्या माणसाला हे करायला लावणे बरे नाही.

आता सिंगापूर की अबुधाबी. सिंगापूरची शर्यत २००८ साली सुरू झाली, फॉर्म्युला वनच्या इतिहासातील ती पहिली रात्रीची शर्यत. शहराच्या मध्यवस्तीतील रस्त्यांवर, दिव्यांच्या झगमगाटात, भिंतींना खेटून जाणाऱ्या गाड्या हे दृश्य फार थोड्या ठिकाणी दिसते आणि डोळ्यांच्या सुखाचा विचार केला तर मी सिंगापूरलाच पहिला क्रमांक देईन. येथे तिकिटावर झोनचा, म्हणजे सर्किटच्या विभागाचा, क्रमांक असतो आणि तो नीट वाचला पाहिजे. झोन १ चे तिकीट असलेल्याला चारही झोनमध्ये फिरता येते, झोन ४ चे तिकीट असलेल्याला फक्त झोन ४ मध्ये. पिटची इमारत झोन १ मध्ये आणि पाडांगच्या मैदानावरचे संगीताचे मोठे व्यासपीठ झोन ४ मध्ये. एका गृहस्थांनी माझ्याकडे न विचारता झोन ४ चे तिकीट काढले आणि पिटजवळ जायला निघाले, तेव्हा रखवालदाराने त्यांना अत्यंत नम्रपणे परत पाठवले. ओलांडून जाण्याच्या ठिकठिकाणच्या आकाशपुलांमुळे चालणेही पुष्कळ होते. सर्किट सुमारे ४.९ किलोमीटरचे आहे, पण फाटक, स्टँड, जेवण आणि मेट्रो स्थानक धरून दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर चालणे होते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आणि हवा. नागपूरचा माणूस म्हणतो, ‘‘आम्ही मे महिन्यात सीताबर्डीवर पंचेचाळीस अंशांत फिरतो, सिंगापूरच्या तीस अंशांचे काय सांगता?’’ पण आपली उष्णता कोरडी आहे आणि तेथील दमट. घाम वाळतच नाही आणि रात्री आठ वाजता शर्यत सुरू होते तेव्हाही अंगाला कपडा चिकटलेला असतो. २०२५ साली याच शर्यतीसाठी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) उष्णतेचा धोका असल्याचे प्रथमच अधिकृतपणे जाहीर केले होते, ते चालकांसाठी होते हे खरे, परंतु स्टँडमध्ये बसणाऱ्यालाही त्यावरून काय ते कळावे. पावसाचीही शक्यता नेहमीच असते.

अबुधाबीची शर्यत बहुधा हंगामातील शेवटची असते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला येते. हवा सुखद असते, शर्यत स्थानिक वेळेनुसार सायंकाळी पाच वाजता उजेडात सुरू होऊन दिव्यांच्या प्रकाशात संपते आणि सर्किट मुळातच शर्यतीसाठी बांधलेले असल्यामुळे स्टँड पक्के, रस्ते सपाट आणि स्वच्छतागृहे जवळ आहेत. तिकिटातच शर्यतीनंतरच्या संगीत कार्यक्रमांचा प्रवेश असतो; वडिलांना त्यात रस नसला तरी आपल्याला असेल. यास बेटावरची हॉटेले त्या आठवड्यात परवडणार नाहीत, पण अबुधाबी शहरात किंवा दुबईत राहून रोज ये-जा करता येते आणि शाकाहारी जेवणाचा प्रश्न दोन्ही शहरांत उद्भवत नाही. नागपूरहून शारजाला थेट विमानसेवा आहे, आणि शारजाहून यास बेट दीड-दोन तासांच्या रस्त्यावर येते; म्हणजे मुंबईला विमान बदलण्याचा उपद्व्याप टळतो. या सर्व कारणांनी आपल्या बाबतीत माझे मत अबुधाबीच्या बाजूने पडते, आणि तेथेही नॉर्थ ग्रँडस्टँडमधील पाचव्या वळणाकडील, अथवा लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला असलेल्या वेस्ट ग्रँडस्टँडमधील मधल्या रांगेचे आसन मी सुचवीन. मुख्य ग्रँडस्टँडसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

जाता जाता एक तिसरा पर्याय सांगून ठेवतो, कारण नागपुरात तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. कतारच्या लुसैल सर्किटवर २०२१ साली पहिली शर्यत झाली आणि २०२३ पासून ती दरवर्षी होते आहे. नागपूरहून दोह्याला थेट विमान जात असेल त्या हंगामात विमानतळ ते विमानतळ या हिशेबाने हेच आपल्याला सर्वांत सोयीचे सर्किट ठरते. वळणे जलद आणि एकामागून एक लागलेली असल्यामुळे पुढे जाण्याचे प्रयत्न कमी होतात, हा त्याचा उणेपणा. परंतु ही शर्यतही रात्रीची आहे आणि सिंगापूर-अबुधाबीइतकी झुंबड तेथे उडत नाही. विमानांचे वेळापत्रक मात्र प्रत्येक हंगामात बदलते, ते पाहूनच निर्णय घ्यावा.

तिकीट बहुधा तीन दिवसांचे असते आणि शुक्रवारी रजा वाचवावी की नाही हा प्रश्न प्रत्येक नोकरदार विचारतो. नेहमीच्या आठवड्यात शुक्रवारी एकेक तासाची दोन सराव सत्रे, शनिवारी तिसरे सराव सत्र व सुटण्याचा क्रम ठरवणारी पात्रता फेरी आणि रविवारी शर्यत असा क्रम असतो. मला शुक्रवार फार आवडतो. गर्दी कमी, कोणाला जिंकायची घाई नाही, चालक चुका करतात, गाड्या धावपट्टीबाहेर जातात आणि आपले आसन कसे आहे हे शर्यतीच्या दोन दिवस आधी समजते. ज्या आठवड्यात स्प्रिंट, म्हणजे जादा छोटी शर्यत, असते तेथे शुक्रवारी एकच सराव सत्र होऊन लगेच स्प्रिंटची पात्रता फेरी होते आणि शनिवारी ती छोटी शर्यत व मुख्य पात्रता फेरी दोन्ही होतात, म्हणून त्या आठवड्यातील तीन दिवसांच्या तिकिटाचे मोल अधिक. २०२६ च्या कार्यक्रमपत्रिकेत सिंगापूरला प्रथमच स्प्रिंट दिली गेली, त्यामुळे तिकडची मागणी वाढली तर आश्चर्य वाटू नये. फक्त शनिवार किंवा फक्त रविवार अशी सुटी तिकिटेही काही ठिकाणी मिळतात. पण नागपूरहून एवढा खर्च करून जाणाऱ्याने एक दिवस वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही.

तिकीट घेण्याच्या जागा मोजून तीन आहेत असे समजावे : सर्किटच्या किंवा आयोजकांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, फॉर्म्युला वनच्या अधिकृत तिकीट विभागावर, आणि आयोजकांनी ज्यांची नावे आपल्या यादीत छापली आहेत अशा अधिकृत विक्रेत्यांकडे. तिसऱ्या प्रकारात एखाद्या प्रवास कंपनीने आपण अधिकृत असल्याचे सांगितले तर तिच्या शब्दावर न जाता आयोजकांच्या यादीत तिचे नाव शोधावे. हे मी माझ्या स्वतःच्या कार्यालयाबद्दलही सांगतो. शर्यतीची तारीख जाहीर होताच आयोजकांच्या पत्रयादीत नाव नोंदवावे, म्हणजे विक्री कधी उघडते ते ईमेलने कळते आणि सुरुवातीच्या सवलतीचा काळ हातचा जात नाही. सिंगापूर आणि अबुधाबी या दोन्ही ठिकाणी ही सवलत असते आणि चांगली मधली आसने त्याच काळात संपतात.

भाव उतरतील का? अधिकृत विक्रीत किंमत टप्प्याटप्प्याने चढते, सहसा उतरत नाही. शेवटच्या आठवड्यात न विकलेली आसने कधी कधी स्वस्त होतात हे खरे आहे आणि सिंगापूर किंवा दुबईत राहणारा भारतीय त्याचा लाभ घेऊ शकतो, कारण त्याला मेट्रोने किंवा मोटारीने जायचे असते. आपण मात्र तिकिटावर दहा हजार रुपये वाचवण्यासाठी थांबलात तर तोवर विमानभाडे व हॉटेल मिळून त्याच्या कितीतरी पट वर गेलेले असते. संत्र्याच्या बाजारात संध्याकाळी भाव पडतो, शर्यतीच्या बाजारात नागपूरकरासाठी पडत नाही.

आता व्हॉट्सॲपवरचे ते गृहस्थ. घेऊ नका. आजकाल तिकिटावर एक सांकेतिक चौकट (क्यूआर कोड) असते, ती फाटकावर एकदाच वाचली जाते आणि तिची छायाप्रत दहा जणांना विकता येते. जो आधी पोहोचला तो आत गेला, उरलेले नऊ बाहेर. त्यांच्याकडे खरे तिकीट असेल तर ते आयोजकांच्या अधिकृत हस्तांतर पद्धतीने आपल्या नावाच्या खात्यात पाठवू शकतात का, एवढे विचारा. उत्तर टाळले गेले तर विषय संपला. निम्मी किंमत हेच संशयाचे कारण आहे, कारण ज्याला खरोखर जाता येत नाही तो मनुष्य मूळ किमतीच्या थोड्या खाली विकतो, निम्म्याने नाही.

पुनर्विक्रीच्या मोठ्या, चकचकीत संकेतस्थळांबद्दलही सावध राहावे. काही वर्षांपूर्वी एका युरोपीय शर्यतीची तिकिटे संपल्यावर रामदासपेठेतील एका कुटुंबासाठी मी अशाच एका संकेतस्थळावरून तीन आसने दीडपट किमतीला घेतली. पडद्यावर ‘एकत्र तीन आसने’ असे लिहिलेले होते. तिकिटे शर्यतीच्या आदल्या दिवशी हॉटेलवर पोहोचली. दोन एका रांगेत आणि तिसरे त्याच स्टँडच्या दुसऱ्या टोकाला. बारा वर्षांच्या मुलाला एकटे बसवणे शक्य नव्हते, म्हणून आई-वडील आळीपाळीने त्याच्याजवळ बसले आणि तिघांना एकत्र शर्यत पाहता आलीच नाही. नंतर मला समजले की अशा ठिकाणी विक्रेत्याकडे जाहिरात करतेवेळी तिकीट असतेच असे नाही. तो आधी पैसे घेतो आणि मग बाजारात स्वस्त आसन शोधतो. त्या कुटुंबाला मी माझा मेहनताना परत केला, पण तो रविवार परत करता आला नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की तिकिटावर स्टँड, विभाग, रांग आणि आसन क्रमांक हे चारही पैसे देण्यापूर्वी किंवा निदान खरेदीच्या पावतीवर दिसत नसतील तर व्यवहार करायचा नाही.

पैसे भरण्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण विक्री उघडल्यावर ऐन वेळी अडते ती येथेच. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहाराची सोय आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून सुरू केल्याशिवाय चालत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ती सोय आणि पुरेशी मर्यादा आदल्या दिवशीच ठेवावी. रांगेत चाळीस मिनिटे थांबून आसन मिळाल्यावर कार्ड नाकारले गेले आणि आसन सुटले, असे प्रसंग मी पाहिले आहेत. संकेतस्थळाने ‘रुपयांत द्यायचे का’ असे विचारले तर नाही म्हणावे आणि तेथील चलनातच द्यावे, कारण रुपयांतला दर ते स्वतः ठरवतात आणि तो नेहमी त्यांच्या सोयीचा असतो. कार्डावर परकीय चलनाचे शुल्क साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. शुल्क नसलेली कार्डेही मिळतात. तिकीट, हॉटेल आणि विमान एकत्र देणारी परदेश सहल घेतली तर त्यावर उगमस्थानी कर (टीसीएस) जमा केला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण सुरुवातीला खिशातून जातो, म्हणून अंदाजपत्रकात धरावा.

क्रमाबद्दल माझे मत इतर व्यावसायिकांपेक्षा थोडे वेगळे आहे. शर्यतीची तारीख जाहीर झाली त्याच दिवशी, तिकिटाची विक्री उघडण्यापूर्वी, विनाशुल्क रद्द करता येईल असे हॉटेल धरून ठेवावे; नाही गेलो तर काही जात नाही, आणि गेलो तर सर्वांत मोठी बचत येथेच होते. त्यानंतर शर्यतीचे तिकीट, मग विमान आणि सर्वांत शेवटी व्हिसा. पारपत्राची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. वडिलांचे पारपत्र आजच कपाटातून काढून पाहा, कारण ज्येष्ठांची पारपत्रे कपाटातच संपतात. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या दोन्हींचा व्हिसा नागपुरात बसून, एजंटामार्फत होतो. युरोपातील शर्यतीचा विचार पुढे कधी केलात तर शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, हे लक्षात असू द्या.

तिकिटाच्या अटींमधील एक परिच्छेद तेवढा नक्की वाचा : शर्यत रद्द झाल्यास किंवा अपुरी राहिल्यास काय. मार्च २०२० मध्ये मेलबर्नची शर्यत शुक्रवारी सकाळी, प्रेक्षक फाटकावर उभे असताना रद्द झाली. मे २०२३ मध्ये पुरामुळे इटलीतील इमोलाची झाली नाही. हे निदान रद्द होणे तरी होते. बेल्जियमच्या स्पा येथे ऑगस्ट २०२१ मध्ये दिवसभर पावसात बसलेल्या प्रेक्षकांना वेग आवरणाऱ्या सुरक्षा गाडीमागे फिरणाऱ्या गाड्यांच्या मोजक्या फेऱ्या दिसल्या आणि तेवढ्यावर निकाल जाहीर होऊन निम्मे गुण वाटले गेले, म्हणजे नियमाच्या भाषेत शर्यत ‘झाली’. नोव्हेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासला पहिले सराव सत्र रस्त्यावरचे एक लोखंडी झाकण उखडल्याने काही मिनिटांत थांबले, दुसरे सत्र पहाटे अडीचला सुरू झाले आणि त्यापूर्वी प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले होते; फक्त त्या दिवसाचे तिकीट असलेल्यांना पैसे नव्हे तर वस्तूंच्या दुकानाचे दोनशे डॉलरचे कूपन देऊ करण्यात आले. शर्यत रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे बहुधा मिळतात, विमान व हॉटेलचे मिळत नाहीत, आणि नेहमीचा प्रवास विमा हा धोका सहसा उचलत नाही. रद्द करता येणारे हॉटेल घ्या असे मी पुन्हा पुन्हा सांगतो ते यासाठीच.

आपल्या वडिलांनी एकही शर्यत प्रत्यक्ष पाहिलेली नसेल तर त्याआधी देशातच एक लहान तालीम करून पाहायला हरकत नाही. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या करी सर्किटवर राष्ट्रीय शर्यती होतात, चेन्नईला नागपूरहून थेट गाड्या आहेत आणि खर्च फारसा नाही. दोन तास उन्हात बसणे, आवाज आणि पायऱ्या त्यांना कितपत झेपतात हे तेथे कळेल, आणि त्यावरून अबुधाबीला कोणत्या रांगेचे आसन मागायचे ते ठरवता येईल.

राहिले आवाजाचे. २०१४ साली फॉर्म्युला वनमध्ये सहा सिलिंडरांची संकरित (हायब्रिड) इंजिने आली तेव्हापासून पूर्वीचा कर्णकटू आवाज राहिलेला नाही, तरीही वीस-बावीस गाड्या एकत्र सुटताना कान बंद करावेसे वाटतातच. मऊ कर्णबूच दोन जोड्या येथूनच घेऊन जा, सर्किटवर चौपट किमतीला मिळतात. परतीचे विमान रविवारी रात्रीचे घेऊ नका. शर्यत संपल्यावर वाहनतळातून किंवा बसच्या रांगेतून बाहेर पडायलाच दोन तास लागू शकतात आणि धावपळ करून वडिलांचे गुडघे दुखावतील. सोमवारी दुपारनंतरचे घ्या, आणि रविवारी रात्री गर्दी ओसरेपर्यंत आपल्या आसनांवरच बसून राहा. तोवर धावपट्टीवरचे कामगार रबराचे तुकडे झाडत असतात, तेही पाहण्यासारखे असते.